पुढे गतिरोधक आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : भयपटांच्या याद्यांबाबत

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी भयपटांची एक यादी आली होती. दहा नावं, प्रत्येकाखाली चार ओळी, आणि चारही ओळींत ‘थरारक’. मी ती कापून फ्रीजवर चिकटवली आणि बुधवारी दुपारी दुसऱ्या नंबरचा सिनेमा लावला. नाव लिहीत नाही, सिनेमा वाईट नव्हता. हातात चहा होता. विसाव्या मिनिटाला बाई कपाटाचं दार उघडते, आत काही नसतं, दार बंद करते, आणि मग... पुढचं मला दिसलंच नाही. अर्धा चहा माझ्या लेंग्यावर, अर्धा सुनेने नुकत्याच घातलेल्या चादरीवर. मंडळी स्वयंपाकघरातून धावत आली. चादर बघितली, मला बघितलं आणि म्हणाली, ‘‘कुकर लावतंय हां, शिटी होतली. आदीच सांगून ठेवतंय.’’

संपादक महाशय, मी भित्रा माणूस नव्हे. एस.टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली निम्मी वस्तीच्या गाडीवर. ज्यांनी वस्तीची गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी खेड्यात मुक्कामाला राहते आणि पहाटे पहिली म्हणून परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. गाडी उभी करायची जागा बहुतेक गावांत एकच असते : देवळाजवळचा पिंपळ नाहीतर वड. म्हणजे गावातले लोक दिवेलागणीनंतर ज्या झाडाखालून जात नाहीत, त्याच झाडाखाली मी मागच्या लांब सीटवर पंधरा वर्षं घोरत होतो. कुणी म्हणे या पिंपळावर मुंजा आहे, कुणी म्हणे ओहोळापलीकडे देवचार फिरतो. मी म्हणायचो, फिरू दे, पहाटे साडेपाचला निघायचंय, यायचं असेल तर तिकीट काढून ये. एकदा रात्री दोन वाजता गाडीचा पत्रा आतल्या माणसाला हाक मारावी तसा वाजायला लागला. खरक् खरक्, थांबायचं, परत खरक्. कंडक्टर रामरक्षा म्हणायला लागला. मी बॅटरी घेऊन खाली उतरलो. सरपंचांची गाय पाठ खाजवत होती.

असा मी. पण कुकरची शिटी, फुटलेला फुगा, दिवाळीतला सुतळी बॉम्ब, मागून कुणी ‘अहो’ म्हटलं तरी वीतभर उडतो. लहानपणापासून असाच आहे. घरात मला दचक्या म्हणतात.

तर माझं म्हणणं एवढंच, की भिणं वेगळं आणि दचकणं वेगळं. आपली मराठी या बाबतीत आपल्या समीक्षकांपेक्षा शहाणी आहे. भिणं, घाबरणं, टरकणं, बिचकणं, दचकणं, धास्तावणं यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. धास्ती दिवसचे दिवस राहते, दचका पापणी लवायच्या आत संपतो. भीती मनात शिरते, दचका कानातून मानेत उतरतो. डोळे मिटतात, खांदे वर जातात, मान आत जाते, आणि हे सगळं मेंदूच्या तळाकडून परस्पर होतं. विचार करणाऱ्या भागाला खबर पोचेपर्यंत चहा सांडलेला असतो. त्यात धाडसाचा काही संबंध नाही. पण याद्या करणारे दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत कोंबतात आणि वर ‘कमकुवत हृदयाच्या लोकांनी पाहू नये’ असं लिहितात. माझं हृदय ठणठणीत आहे. मान तेवढी नाजूक आहे.

माझा भाचा पुण्यात सिनेमाच्या संकलनाचं काम शिकतो. त्याला मी चादरीची हकीकत सांगितली तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही कुणाला दोष देताय? हे सगळं बसनेच सुरू केलंय.’’ मला वाटलं थट्टा करतोय. त्याने लॅपटॉपवर एक जुना काळा-पांढरा अमेरिकन सिनेमा लावला, ‘कॅट पीपल’, 1942 सालचा. दिग्दर्शक जाक तुर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन. पैसे बेताचेच, म्हणून श्वापद दाखवण्याऐवजी सावल्या दाखवलेल्या. एक बाई रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने एकटीच चालली आहे. मागून दुसरी येते आहे, तिच्या टाचांचा आवाज. टक टक टक. मग मागचा आवाज थांबतो. पुढची बाई वळून बघते, कुणी नाही. पावलं भराभर उचलते. आता बिबट्या उडी घेणार असं वाटतं, तेवढ्यात कानाशी फुस्स्! आणि पडद्याच्या कडेने येऊन उभी राहते ती चक्क बस. एअरब्रेकचा आवाज. ड्रायव्हर दार उघडून बाईची वाट बघतोय, बिचाऱ्याला काही पत्ताच नाही.

मी उडालो ते सांगायला नकोच. पण मग हसू आवरेना. भाचा म्हणाला, तेव्हापासून सिनेमावाले अशा फसव्या दचक्याला ‘ल्यूटन बस’च म्हणतात. आधी शांतता करून प्रेक्षकाची तार ताणायची, मग भलत्याच निरुपद्रवी वस्तूने छेडायची : मांजर, खिडकी, मित्राचा खांद्यावरचा हात. म्हणजे एकतीस वर्षं मी स्टॅंडात गाडी लावताना कठड्यावर डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्यांना जे करत होतो, तेच हॉलिवूडने माझ्या जन्माआधी करून ठेवलं होतं. त्या म्हाताऱ्यांची आता माफी मागतो.

हा सिनेमा मी माझ्यासारख्यांना सुचवतो. बस येते एवढं आता तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे धक्का निम्मा झाला. हे मी ड्रायव्हर म्हणून अनुभवाने सांगतो. गतिरोधक दिसला की पॅसेंजर सीट धरतो आणि त्याला काही होत नाही. तोच गतिरोधक फलकाशिवाय, रंग उडालेला, वळणावर आला की मागच्या सीटवरचा माणूस छताला लागतो. कंडक्टरची घंटी एकतीस वर्षं डोक्याशी वाजत होती, एकदाही दचकलो नाही, कारण मी तिची वाट बघत असायचो. आता दारावरची बेल वाजली तरी उडतो.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र इथे कामाचं नाही. 2024 सालच्या नव्या नियमांनी त्यात सात, तेरा, सोळा अशा वयाच्या पायऱ्या केल्या, चांगलं केलं. पण ते पोरांसाठी. चौसष्ट वर्षांच्या माणसाने चहा हातात धरावा की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते आपल्या पुरवणीने सांगावं. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एवढंच लिहावं की इथे रक्त आहे, की धास्ती आहे, की दचके आहेत, आणि दचके असतील तर फलक लावलेले की बिनफलकाचे.

नुसती तक्रार करून थांबत नाही. गेले काही महिने भाचा आणि नातू यांच्या मदतीने मी माझ्यापुरती पाहणी केली आहे, तीच देतो.

ज्यांना भूत हा शब्दसुद्धा दिवसाच चालतो, त्यांनी ‘एक डाव भुताचा’पासून सुरुवात करावी. 1982 सालचा, द. मा. मिरासदारांच्या लेखणीतला. अशोक सराफ भूत आणि दिलीप प्रभावळकर मास्तर. सपाट रस्ता आहे, डोळे मिटून गाडी न्यावी. त्यातलं भूत पुढे पुढे माणसांपेक्षा बरं वाटायला लागतं. प्रभावळकरांचं मला नेहमी नवल वाटतं. 1982 साली ते भुताचे दोस्त, 1993 साली ‘झपाटलेला’मध्ये स्वतःच तात्या विंचू, 2004 साली ‘पछाडलेला’त इनामदार भुसनळे, शिवाय रंगभूमीवर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना बेताबेताने घाबरवायचं काम या मवाळ दिसणाऱ्या गृहस्थाने एकहाती केलं आहे.

‘झपाटलेला’ बघताना माझा मुलगा सहा वर्षांचा होता. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला मान फिरवायचा तेव्हा पोरगा माझ्या शर्टात शिरायचा. घरी आल्यावर बहिणीच्या बाहुल्या त्याने माळ्यावर टाकायला लावल्या. मी मात्र अख्ख्या सिनेमात फार तर एकदा उडालो, कारण महेश कोठाऱ्यांनी फलक लावले आहेत. तात्या येणार म्हणजे आधी संगीत येतं, लक्ष्याचे डोळे मोठे होतात, आपल्याला सीट धरायला वेळ मिळतो. मुलगा भ्यायला, बाप दचकला नाही. मी म्हणतो तो फरक हाच.

आमच्याकडे ही जोडी जुनीच आहे म्हणा. दशावतारात रात्री संकासुर येतो, काळा झगा, काळं तोंड. पुढे बसलेली पोरं किंचाळत आयांच्या कुशीत शिरतात. मग तो तोंड उघडून मालवणीत असं काही बोलतो की तीच पोरं कुशीतून डोकी काढून हसतात. हॉरर कॉमेडी म्हणून आता जे काही चाललंय ते आम्ही देवळासमोर चटईवर बसून बघितलेलं आहे.

‘स्त्री’ (2018) या जातीचा. मध्य प्रदेशातलं चंदेरी गाव, भिंतीवर लिहिलेलं ‘ओ स्त्री कल आना’. कर्नाटकात दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे उद्या ये, असं लिहायची वदंता होती, तिथून हे आलं. रात्री पुरुषांनी एकटं बाहेर पडायचं नाही, बायका मात्र बिनधास्त, हा उलटा कारभार आमच्या मंडळीला फार आवडला. दचके आहेत, पण प्रत्येकामागे हसू ठेवलंय. पंकज त्रिपाठी पडद्यावर असेपर्यंत कप हातात धरायला हरकत नाही.

‘मुंज्या’ (2024) आमच्या कोकणातला, म्हणून जास्त आशेने बघितला. मुंज झाली आणि सोडमुंज, लग्न काही व्हायच्या आत पोर गेलं तर ते पिंपळावर बसतं, ही गोष्ट मी ज्या झाडाखाली झोपायचो त्याच झाडाची. सुहास जोशींची आजी झकास. पण जंगलात तो प्राणी कुठूनही उडी मारतो, तिथे मी दोन-तीनदा उडालो. नातू शेजारी बसून ‘‘आजोबा, आता कान!’’ असं सांगत होता, म्हणून निभावलं. त्याच आदित्य सरपोतदारांचा आधीचा मराठी ‘झोंबिवली’ (2022) मला दचक्यांसाठी जास्त सोयीचा वाटला. डोंबिवलीत झोंबी, अमेय वाघ, ललित प्रभाकर. झोंबीचं एक बरं असतं, ते दुरून हात पुढे करून ओरडत येतात. सकाळच्या लोकलला धावणारी माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला त्यात नवीन काही नाही. शेजारच्या गोव्यातला ‘गो गोवा गॉन’ (2013) हसवतो खरा, पण भाषा अशी आहे की सुनेसमोर बघू नये. मी बघितला आणि वीस मिनिटं रिमोट शोधत बसलो.

आता ‘रात्रीस खेळ चाले’. यावर मी थोडं जास्त लिहिणार. 2016 साली मालिका सुरू झाली तेव्हा मी सेवेत होतो. तो सावंतवाडीजवळचा आकेरीचा वाडा, म्हणजे आमचा रोजचा पट्टा. सुरुवातीला आमच्याकडे बरीच ओरड झाली : कोकणाची बदनामी, अंधश्रद्धा. मीही त्यात होतो, खोटं कशाला बोलू. मग वस्तीच्या गावी ज्या घरी जेवायला जायचो तिथे रात्री साडेदहाला सगळे टीव्हीसमोर बसायचे. मी जेवून गाडीत जायचो ते हळूहळू थांबायला लागलो. पांडू ‘इसारलंय’ म्हणाला की घर हसायचं. आपली बोली, माजघरातल्या आपल्या कुरबुरी, जमिनीची भांडणं, आणि कोपऱ्यात अंधार. काही दिवसांनी पुण्या-मुंबईचे लोक गाडीत चढून विचारायला लागले, ‘‘ड्रायव्हरसाहेब, नाईकांचा वाडा कुठे आला?’’ एका रात्रीत मी गाईड झालो. 2019च्या दुसऱ्या भागात माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता आली, तोवर मी घरी बसलो होतो. त्या अण्णांची भीती मला भुतापेक्षा जास्त वाटायची. भूत होण्याआधीच तो माणूस भयंकर आहे. मालिका असल्यामुळे ढॅण्ण करून तीनदा चेहरे दाखवायचा त्रास आहे, पण ते ढॅण्ण इतकं नेमाने येतं की कंडक्टरच्या घंटीसारखं अंगवळणी पडतं. नाव ज्या गाण्यावरून घेतलं ते सुधीर मोघ्यांचं, 1976च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं, महेंद्र कपूरनी गायलेलं. रात्रीच्या घाटात ते गुणगुणत मी गाडी चालवली आहे, वळणावळणाला फार चांगलं लागतं.

भुतांबद्दल आमच्याकडे एकूण हिशेब वेगळा आहे हे शहरातल्या समीक्षकांना कळत नाही. वेंगुर्ल्याकडे आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. त्याला लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. का, तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात. वेताळाला चपला शिवून देणाऱ्या मुलखात दचकवून काय होणार? इथे धास्ती चालते, तीही आदबीने.

म्हणूनच ‘तुंबाड’. 2018 साली आला तेव्हा चुकला. 2024 साली तो परत थिएटरात लागला तेव्हा कोल्हापूरला मुलाकडे होतो, तिथे बघितला. राही अनिल बर्वे यांचं दिग्दर्शन, नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. वाडा मात्र सासवडचा आहे. पण पाऊस आमचा. तो पाऊस खोटा नाही, संपादक महाशय. काचेवर वायपर चालतोय आणि तरी पुढचं दिसत नाही, असा तो पाऊस मी चालवलेला आहे. म्हातारी साखळदंडांत बांधलेली आहे, पोराला तिला जेवू घालायचं आहे, तिथे माझे हात गार झाले. दचकलो दोनदाच, पण रात्री झोप लागली नाही. झोप उडाली ती त्यातल्या हस्तर नावाच्या राक्षसामुळे नव्हे. वाडवडिलांच्या जमिनीत काहीतरी पुरलंय म्हणून आयुष्यभर खणत बसलेली माणसं मी आमच्या वाडीतच बघितली आहेत. पोरांना नेऊ नये, प्रमाणपत्र प्रौढांसाठीचंच आहे आणि इथे ते बरोबर आहे.

‘लपाछपी’ (2017)बद्दल हात राखून लिहितो. आठ महिन्यांची गरोदर बाई, चहूकडे ऊस, त्यात एकटं घर. पूजा सावंत आणि उषा नाईक दोघींनी काम असं केलंय की बोलायला जागा नाही. मुलींना जन्माआधीच मारणाऱ्यांची ती गोष्ट आहे, म्हणजे भुताच्या बाजूनेच आपण होतो. पण फलक नाहीत. मी तो चार तुकड्यांत, दुपारी, आवाज बंद करून बघितला आणि तरीही ऊस हलला की मान आत. घरात कुणी पोटुशी असेल तर तिच्यासमोर मुळीच लावू नये. राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ (2003) मी सुचवणार नाही. उर्मिला मातोंडकरांचं काम मोठं आहे हे कबूल, एक गाणं नाही, उगाच कॉमेडी नाही. पण आवाज असे येतात की ब्रेक फेल झाल्यासारखं वाटतं.

भाच्याने दिलेली दोन बाहेरची नावं : ‘द अदर्स’ (2001), निकोल किडमनचा. उजेड सोसत नाही अशी दोन मुलं, सगळ्या खोल्यांचे पडदे ओढलेले, रक्ताचा थेंब नाही. दारं लावताना कान जपा, बाकी शेवटपर्यंत पुढचं वळण दिसत नाही. आणि मल्याळम ‘मणिचित्रताळ’ (1993), ज्याच्यावरून हिंदीत ‘भूल भुलैया’ झाला. शोभना यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो का मिळाला हे भाषा न येताही कळतं.

माझ्यासारख्या दचक्या माणसांना दोन अनुभवाच्या गोष्टी सांगतो. लोक डोळे झाकतात, ते उलटं आहे. झाकायचे कान. डोळे मिटले की अंधारात आवाज दुप्पट होतो. कान झाकले की पडद्यावरचं भूत ओरडणाऱ्या माशासारखं दिसतं. हेडफोन कधीच लावू नयेत, त्यापेक्षा खालच्या पाट्या वाचाव्यात. कुठल्या मिनिटाला दचका आहे हे लिहून ठेवणारी संकेतस्थळं आहेत असं नातू सांगतो, ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी ती बघावीत. मराठीत तसं काही निघालं तर पहिली वर्गणी माझी.

पुढच्या यादीच्या वेळी माझी विनंती ध्यानात ठेवावी. शब्द वाढवायला नकोत. ‘थरारक’ काढलं तर त्या जागेत फलक बसतो.

आपला वाचक,
एक निवृत्त एस.टी. चालक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

ता. क. : पत्र मंडळीला वाचून दाखवलं. ती म्हणते, बाकी सगळं कापलं तरी चालेल, एवढं छापायला सांगा : ‘‘आदी कप खाली ठेवा, मगे टीव्ही लावा.’’ चादरीवरचा डाग अजून गेलेला नाही.